विजूमावशीच्या नावानं केलेले फोन

आधीच सांगतो, रुमाल काढून बसला असाल तर घडी करून परत खिशात ठेवा. ‘अमेरिकेत निवडून आलेल्या मराठी बाई गेल्या, तू ओळखायचास, लिही’ असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कसला फोटो होता ते मला माहितीये. पैठणी, मागं दोन देशांचे झेंडे, हातात बुके आणि खाली ओळ, सातासमुद्रापार वगैरे वगैरे. विजूमावशींचा असा एकही फोटो नाही. जो आहे त्यात त्या गुडघ्यापर्यंत गमबूट घालून चिखलात उभ्या आहेत आणि फोटो काढणाऱ्यावर ओरडतायत, कारण तो बावळट ज्या गवतावर उभा आहे त्यात पक्ष्याचं घरटं आहे. तो बावळट म्हणजे मी. आदरांजली लिहायला मी चुकीचा माणूस आहे हे मी फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, “तू नकला करतोस ना, मजेदार लिहिशील.” लिहितो. मजा कुठपर्यंत टिकते ते तुम्हीच बघा.

बातमी आली तेव्हा मी फ्रीवेवर होतो, सकाळी ऑफिसला जाताना. माझा जुना रूममेट हेमंत, नागपूरचा, त्याचा फोन. हा माणूस फोनवर कधी हॅलो म्हणत नाही, डायरेक्ट शिव्या देतो. त्या दिवशी हॅलो म्हणाला. “मावशी गेल्या यार. झोपेतच. काका चहा घेऊन गेले तर...” मी ठीक आहे म्हणालो. काय ठीक आहे? काहीच नाही, पण तोंडातून तेच आलं. मग माझा एक्झिट गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. उतरलो तेव्हा सॅन होजेच्या पार पलीकडे होतो. एका टायरच्या दुकानासमोर गाडी लावून अर्धा तास बसलो. रडलो नाही. पाय हलत होता नुसता, गुडघ्यापासून खाली, शिवणयंत्र चालवल्यासारखा. आज सहा आठवडे झाले, अजून हलतो.

मी मूळचा सेलूचा, परभणी जिल्ह्यातला. मराठी शाळा, मग औरंगाबादला इंजिनियरिंग, मग पुण्याची कंपनी, मग त्यांनी उचलून इकडं टाकलं, फ्रीमाँटला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, त्यात बरेच लोक अजून राहतात आणि माझ्याशी बोलतात. दोन हजार तीनच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मी नकला केल्या. विमानतळावरचा शिक्के मारणारा, इथल्या किराणा दुकानातला शेठ, मंडळाचे अध्यक्ष, आणि शेवटी विजूमावशी. त्यांचं भाषण मी तासाभरापूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं. पण तो आवाज एकदा ऐकला की पुरे. घशात बारीक वाळू घातल्यासारखा, जाड. बँकेतून फोन आला की समोरचा त्यांना ‘सर’ म्हणायचा आणि त्याही दुरुस्त करायच्या नाहीत. प्रत्येक तिसऱ्या वाक्याला ‘कळलं?’ आणि कुठलीही गोष्ट नाकारायची असली की नुसतं ‘नाही.’ पुढं ‘पण’ नाही, ‘बघू’ नाही. हॉल फुटला हसून. खाली उतरलो तर त्या पुढच्या रांगेतून उठून माझ्यासमोर.

“परत कर.”

“काय?”

“मगाशी केलंस ते. मला ऐकायचंय मी कशी बोलते.”

मी केलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, डॉक्टर छाती तपासतात तसं. “बरोबर आहे. फार ओरडते मी. रविवारी सकाळी घरी ये, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीच्या पाट्यांचे खांब रंगवायचेत. प्रभाकर पोहे करतो.” प्रभाकर म्हणजे त्यांचे मिस्टर, आमचे काका. रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, दिवसाला साधारण वीस शब्द बोलणारे. मी म्हटलं, मावशी मी व्हिसावर आहे, मला मत नाही. “मत नाही, हात आहेत ना? कळलं?”

कळलं. पुढची पाच वर्षं मी दर रविवारी त्या घरी पोहे खाल्ले.

मावशी मालवणकडच्या. सत्तरच्या दशकात लग्न करून इकडं आल्या आणि पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागल्या. बाटल्या यायच्या, ओढ्याच्या, खाडीच्या, विहिरींच्या. त्या तपासायच्या आणि कागद वर पाठवायच्या. एकदा एका ओढ्याचा कागद तीनदा पाठवूनही काही होईना म्हणून त्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगला गेल्या. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा, फक्त माणसं पाच आणि खुर्च्या मऊ. तिथं कुणीही माणूस उठून तीन मिनिटं बोलू शकतो. मावशी बोलल्या. पुढच्या आठवड्यात परत बोलल्या. मग दर आठवड्याला. शेवटी म्हणे मेयरच म्हणाला, बाई तुम्ही इकडे या बाजूला बसा म्हणजे आम्हाला जरा समोर बघता येईल. मोठ्या दोन पक्षांनी त्यांना बोलावून बघितलं, पण त्या गेल्या पर्यावरणवाल्यांच्या त्या छोट्या पक्षात, ज्याची गावातली बैठक लायब्ररीच्या मागच्या खोलीत व्हायची आणि निम्मे लोक सायकली घेऊन आत यायचे. हेमंत म्हणायचा, “यांचा पक्ष म्हणजे एक फोर व्हीलर नाही बे!” दोनदा हरल्या. तिसऱ्यांदा निवडून आल्या. त्या रात्री काकांनी म्हणे एकविसावा शब्द उच्चारला, “वा!”

निवडून आल्यावर त्यांनी काय केलं? पेपरात येईल असं काही नाही. शाळेसमोरचा सिग्नल. कचऱ्याच्या गाड्यांच्या वेळा. ओढ्याला कुंपण. लोक मंडळाच्या कार्यक्रमात पुरीभाजी वाढून घेता घेता कामं सांगायचे, त्या ताटाखालच्या कागदी रुमालावर लिहून घ्यायच्या, आणि जे होणार नाही ते तिथंच सांगायच्या. होणार नाही म्हणजे नाही. लोकांना राग यायचा. पण दोन वर्षांत सगळ्यांना हेही कळलं की त्या हो म्हणाल्या तर ते झालंच. आमच्या गावात सही-शिक्क्यापेक्षा त्या बाईच्या ‘हो’ला जास्त भाव होता. त्यांच्याकडे तेवढी एकच इस्टेट होती. ती मी कशी बुडवली ते आता सांगतो.

गावाच्या पश्चिमेला खाडी, खाडीला लागून मोठी दलदल. मिठागरं होती पूर्वी, मग सोडून दिली, मग गवत आलं, मग पक्षी आले. हिवाळ्यात एवढे पक्षी की सकाळी आवाजानं कान बंद व्हायचे. एका बिल्डरला तिथं भराव घालून घरं बांधायची होती, टाउनहाउसेस, आमच्यासारख्यांना परवडतील अशी. आणि हीच तर गंमत. मावशींच्या विरोधात कोणी राक्षस वगैरे नव्हते. आम्हीच होतो. नवरा-बायको दोघं कामाला, अपार्टमेंटच्या भिंतीतून शेजाऱ्याचं घोरणं ऐकू येतं, गावाकडून आईवडील यायचेत, त्यांना खोली हवी. हेमंतनं बिल्डरच्या लिस्टमध्ये नाव घातलं होतं. आणि हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं, मीही घातलं होतं. माझं लग्न ठरत होतं. रविवारी मावशींच्या गॅरेजमध्ये ‘दलदल वाचवा’ची पाटी रंगवायची आणि सोमवारी लंचमध्ये बिल्डरच्या वेबसाइटवर जाऊन किचन कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये दोघं घरांच्या बाजूनं, दोघं विरोधात, मधे मावशी. त्यांचं ‘नाही’ सगळ्या गावाला पाठ होतं. दोन हजार चारच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना परत निवडून यायचं होतं.

निवडणुकीच्या दोन आठवडे आधी मावशींचा घसा बसला. बसला म्हणजे पूर्ण, आवाजच नाही. डॉक्टरनं एक आठवडा बोलायचं नाही म्हणून सांगितलं. काका त्या महिन्यात पुण्याला होते, त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. मराठी घरांना फोन करायचे राहिले होते. मंडळाच्या डिरेक्टरीची पानं समोर ठेवून मावशींनी कागदावर लिहिलं, ‘तू कर. स्वतःच्या नावानं. कळलं?’ तोंडानं नाही तर पेनानं, पण ‘कळलं?’ होतंच.

पहिले आठ-दहा फोन मी माझ्या नावानं केले. “नमस्कार, मी विजयाताईंच्या कॅम्पेनमधून बोलतोय.” समोरून, “कोण रे तू? सेलू कुठं आलं? विजूला दे.” किंवा, “आम्ही जेवतोय.” अकराव्या फोनला मी कंटाळलो. मावशी वर झोपल्या होत्या. मी घसा खाकरला आणि वाळू घातली. “हॅलो, विजू बोलतेय.” आणि चमत्कार! लोक बोलायला लागले, हसायला लागले. बसलेला घसा असल्यामुळं थोडं इकडंतिकडं झालं तरी खपत होतं. मला अशी मजा आली ना... सेलूच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, तेव्हापासून इतकी आली नव्हती.

मग अलकाकाकूंचा नंबर. अलकाकाकू म्हणजे मावशींची तीस वर्षांची मैत्रीण. “विजू, मत तुलाच गं. पण एक विचारू? त्या घरांचं एकदम नाहीच का? आमच्या समीरला तिथं घ्यायचंय. लांब गेला तर नातवंडं कशी दिसणार मला?” मला ‘नाही’ म्हणायचं होतं. मावशींचं ‘नाही’ मला उत्तम जमायचं, स्टेजवर त्यावरच टाळ्या पडायच्या. पण काकूंचा आवाज असा झाला होता... आणि खरं सांगू, माझ्याही डोळ्यांसमोर ते किचन होतं. मी त्या आवाजात म्हणालो, “अगदीच नाही असं नाही गं अलका. बघू या. थोडी घरं झाली तर होऊ देत.”

काकू एवढ्या खूश झाल्या की पुढच्या घरीही मी तेच म्हणालो. आणि त्याच्या पुढच्या. एकदा कळलं ना लोकांना काय आवडतं की नकलाकाराला थांबता येत नाही.

पाच दिवसांनी मावशींचा आवाज आला आणि शनिवारी आम्ही भाजीबाजारात पत्रकं वाटायला गेलो. अलकाकाकू धावत आल्या, मावशींना मिठीच मारली. “विजू, फार बरं वाटलं बघ तू फोनवर म्हणालीस ते. थोडी घरं तरी होऊ देशील.” मावशींनी काकूंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पाटी होती, ती मी उगाच तोंडासमोर धरली. मला वाटलं आता त्या म्हणतील, मी नव्हे, हा गाढव. त्या म्हणाल्या, “अलका, ते चुकीचं सांगितलं गेलं. मी घरांना नाहीच म्हणणार आहे. एकालाही.” काकूंचे हात खाली आले. “पण तूच बोललीस ना गं?” मावशी म्हणाल्या, “फोन माझ्याच घरून होता.”

गाडीत बसल्यावर मला वाटलं आता पडणार. मी तयारच होतो, खांदे वर घेऊन. त्यांनी एवढंच विचारलं, “कुणाकुणाला?” मी डिरेक्टरीत खुणा करून दिल्या. दोन संध्याकाळी त्या फोन करत होत्या आणि मी समोर बसून ऐकत होतो, कारण त्यांनी मला जा म्हटलं नाही. एकच वाक्य, प्रत्येक घरी. “माझ्या घरून तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं, घरांबद्दल माझं मत ‘नाही’ असंच आहे.” मधेच माझा धीर सुटला. माझं ग्रीन कार्डचं चाललं होतं. निवडणुकीत उमेदवाराचा आवाज काढून फोन केले हे पेपरात आलं असतं तर मी सरळ सेलूला. मी म्हटलं, “मावशी, कुणाला सांगू नका. कुणालाच. काकांनाही नको.” त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “नाही सांगणार.” आणि पुढचा नंबर फिरवला.

रागावल्या नाहीत. एक शब्द नाही. मी वाट बघत राहिलो... त्या दिवशी, पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या. पोहे मिळत राहिले.

त्या हरल्या. आमच्या आरतीला जेवढी माणसं जमतात त्याहून कमी मतांनी. गावात बोलायला लागले, विजूताई? सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवटी राजकारणीच. पुढच्या गणपतीत मला अध्यक्ष म्हणाले, “तुझी ती विजूताईंची नक्कल कर, फोनवाली, दोन्ही तोंडांची.” मी घसा दुखतो म्हणालो. दुसऱ्या एकानं केली, वाईट केली, तरी हॉल हसला. मावशी पुढच्या रांगेत बसून हसल्या. मी मागं खुर्चीत पाय हलवत होतो.

नव्या कौन्सिलनं घरं मंजूर केली. अर्ध्या दलदलीत भराव पडला, रस्ते झाले, दिव्याचे खांब लागले. मग घरांचा बाजार पडायला लागला आणि बिल्डर गायब. आज तिथं रस्ते आहेत, खांब आहेत, घरं नाहीत, पक्षीही नाहीत. माझं नाव मी लिस्टमधून काढलं नव्हतं, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. नंबरच लागला नाही. मावशी परत दर आठवड्याला कौन्सिलसमोर तीन मिनिटं बोलायला उभ्या राहायच्या, उरलेल्या अर्ध्यासाठी. नवा मेयर एकदा म्हणाला, “मॅडम, यू आर द वन हू चेंज्ड युअर माइंड, राइट?” मावशींनी त्यावर आपल्या तीन मिनिटांतले वीस सेकंदही फुकट घालवले नाहीत. विषयावर बोलल्या.

शोकसभा कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये झाली, रविवारी दुपारी. सायकलवाले आले होते, मंडळ आलं होतं. अध्यक्ष चांगलंच बोलत होते, वाईट हेतू नव्हता. शेवटी म्हणाले, “ताईही माणूसच होत्या. राजकारणात कधीकधी सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलावं लागतं, ते आपण आज विसरून जाऊ.” लोकांनी माना हलवल्या. माफ करून टाकलं त्यांना! मी उठलो कधी ते मला कळलं नाही. माइक हातात घेतला आणि त्या आवाजात म्हणालो, “अगदीच नाही असं नाही गं अलका. बघू या. थोडी घरं झाली तर होऊ देत.”

अलकाकाकूंनी तोंडावर हात ठेवला. मग मी माझ्या आवाजात सगळं सांगितलं, लिस्टसकट. खाली उतरलो तेव्हा हेमंतनं खांद्यावर हात ठेवला, एक-दोघांनी “हिंमत लागते” असंही म्हटलं, आणि मला, लाज वाटते सांगायला, हलकं वाटलं.

लोक गेल्यावर मी खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होतो. काका दुसऱ्या टोकाकडून तेच करत होते. मधे आलो तसे थांबले.

“विजूला सांगितलं होतंस तू, मला सांगू नको म्हणून?”

“हो काका. मीच म्हटलं होतं, काकांनाही नको.”

“मी पुण्याहून आलो तेव्हा विमानतळावर न्यायला आलेल्या माणसानंच मला सांगितलं, वहिनी फोनवर असं असं बोलल्या. मी घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, फोन आपल्याच घरून गेले. बस. मी तिला काय म्हणालो माहितीये?”

“नाही काका.”

“मी म्हणालो, जगाला शिकवत होतीस इतकी वर्षं, आणि खुर्ची दिसल्यावर तूही तसलीच निघालीस. असं म्हणालो मी. तीस वर्षांत मी तिला टाकून बोललो नव्हतो. ती उठून भाजी ढवळायला गेली. परत कधी विषय नाही. मला वाटलं खरं होतं म्हणून गप्प बसली. मी म्हटलं असेल, माणूस आहे, चुकते. मी तिला माफ केलं, रे! मनातल्या मनात, मोठा माणूस असल्यासारखा! साडेतीन वर्षं!”

“काका, मला...”

“थांब. मी बोलतोय. दर रविवारी माझ्या हातचं खाल्लंस तू. मी कांदा चिरायचो, तू समोर बसून नकला करायचास. ती नसायची स्वयंपाकघरात, आपण दोघंच असायचो. एक वाक्य होतं. ‘काका, ते फोन मी केले.’ पाच शब्दांचं. मी कुणाला सांगणार होतो? मी बोलतो तरी का कुणाशी? आज सगळ्यांसमोर माइक घेतलास. यांना कशाला सांगतोस? यांनी काय केलं होतं, एक मत दिलं नाही! मी तिच्याशेजारी झोपत होतो. इतके दिवस तोंड शिवून बसलास, आणि उघडलंस ते ती गेल्यावर. आता ज्या माणसाला मी सॉरी म्हणायला पाहिजे तो माणूस आहे का कुठं? सांग की. फार बोलतोस ना तू, मग सांग!”

त्यांच्या हातातली घडीची खुर्ची नीट मिटत नव्हती, नुसता लोखंडी आवाज येत होता. मी खुर्ची घ्यायला हात पुढं केला.

“हात नको लावू. माझी मी लावतो. आणि रविवारी येऊ नकोस... ह्या रविवारी तरी येऊ नकोस.”